खुर्चीवर कोणी बसलंय का, ते आधी विचार

"ठेवून जा काकू. संध्याकाळपर्यंत जाळून ठेवतो साहेबांना," असं बर्नरमामा बोलून गेले, आणि बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या कानांनी त्यांना सांगितलं.

सवय, दुसरं काय. सीडी बर्न करायच्या धंद्यात उभी हयात गेलेला माणूस. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते हाच विनोद ऐकवायचे. लग्नाची कॅसेट घेऊन आलेल्या जोडप्याला "दोघांनाही एकदमच जाळतो, स्वस्तात पडेल" म्हणायचे. बारशाच्या फोटोंना "एवढंसं पोर, हळू आचेवर जाळावं लागेल" म्हणायचे. लोक हसायचे, आणि हसणाऱ्या गिऱ्हाइकाला ताटकळत बसवता येतं हे मामांचं तत्त्व होतं.

या काकू हसल्या नाहीत. डोळ्यांवर काळा चष्मा, एका हातात घडीची काठी. दुसऱ्या हाताने त्यांनी काउंटरची कड चाचपली, हातातला छोटा रेकॉर्डर तिथे ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "जाळून झालंय त्यांना. मागच्याच महिन्यात. तुम्ही नुसता आवाज उतरवून द्या."

समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. तो कधी थांबत नाही, गिऱ्हाईक रडलं तरी थांबत नाही.

"माफ करा काकू. माझ्या जिभेला हाड नाही," मामा म्हणाले.

"कोणाच्याच नसतं. तुमची फक्त जरा जास्त सैल आहे. उतरवून द्याल ना?"

मग काकूंनी सगळं सांगितलं, आणि बाईंना सांगायची चांगली हातोटी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. तेव्हापासून घर नवऱ्याच्या डोळ्यांनी चाललं. काडेपेटी कुठे, रक्तदाबाची गोळी कुठली, कुठल्या बटणाला ओल्या हाताने शिवायचं नाही, सगळं तो सांगायचा आणि या करायच्या. शेवटी दुखणं हाताबाहेर चाललंय हे कळल्यावर तो एक दिवस रेकॉर्डर हातात घेऊन घरभर फिरला. दारापासून सुरुवात करून एकेक वस्तू, एकेक खण, एकेक पायरी त्याने बोलून ठेवली. तो बोलत चालला होता, म्हणजे त्याचा आवाज लावून त्याच्यामागे चाललं की घर सापडत होतं.

"मग हा रेकॉर्डरच वापरा की," मामा म्हणाले.

"याची बटणं तिळाएवढी. एक चुकलं की पुसलं जातं. माझा सीडीवाला जुना डबा आहे, त्याची बटणं माझ्या बोटांना पाठ आहेत." त्यांनी रेकॉर्डर पुढे सरकवला. "रविवारी मुलगा येतोय मला घेऊन जायला. त्याच्याकडे आठवा मजला आणि गुळगुळीत फरशी. मी त्याला म्हटलं, तुला एकटीने चहा करून दाखवते, मग बोल. तो कबूल झालाय. चहा जमला तर मी माझ्या घरी. नाहीतर त्याच्या बायकोच्या सोफ्यावर बाहुलीसारखी."

"काम झालं समजा," मामा म्हणाले. जीभ परत सैल सुटली होती, पण हे त्यांना दुपारी कळायचं होतं.

"आणि एक. काही कापू नका. ते गप्प राहिलेत तिथेही कापू नका. ते गप्प असतात तेव्हा मी चालत असते."

हे बर्नरमामा म्हणजे दोन मजली इमारतीच्या जिन्याखालचं दुकान. वरून माणूस उतरला की यांच्या डोक्यावरून उतरतो. एकेकाळी या दुकानापुढे रांग असायची. लग्नाचा मोसम आला की सीडी जाळणारे तीन-तीन राइटर एकदम फिरायचे, दुकान भट्टीसारखं तापायचं, आणि नाव पडलं बर्नरमामा. "नाव बर्नर, आणि चहाला गॅस माझा," असं शिंपी म्हणायचा, आणि ते खरंही होतं. आता गाणी फोनमध्ये गेली, लग्नं फोनमध्ये गेली. सीडी मागायला येतात ते वकिलाचे कारकून, जुन्या गाडीत सीडीच वाजते असे रिक्षावाले, आणि ज्यांची बोटं जुनी आहेत असे लोक. मामांची बायको म्हणते, "तुमचं दुकान म्हणजे म्हाताऱ्या यंत्रांचा वृद्धाश्रम. तुम्हीही तिथेच जेवा." तरी डबा रोज भरून देते.

मामांचे दोन नियम होते. पहिला, गिऱ्हाइकाचं पूर्ण ऐकायचं नाही. सुरुवात तपासायची, शेवट तपासायचा, मधलं त्यांचं घर. दुसरा नियम त्यांनी कोणा मोठ्या मेकॅनिककडून उचलला होता आणि स्वतःचा म्हणून सांगायचे: बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र चाललं, तर कशाने चाललं हे देवालाही सांगता येत नाही.

आवाज कॉम्प्युटरवर घेतला. सुरुवात ऐकली. जाड, सावकाश, जरा घोगरा आवाज: "दार. आत ये. पाऊल जपून." शेवट न ऐकताच मामांनी सीडी लावली, कारण आत शिरल्यासारखं वाटलं आणि बाहेर पडावंसं वाटलं.

राइटर फिरला. स्क्रीनवरची निळी पट्टी पुढे सरकत गेली, अर्ध्याच्या जरा अलीकडे थबकली, आणि चूक असल्याची पाटी आली. ट्रे आपोआप बाहेर आला. मामांनी चकती वर धरून पाहिली. जळालेला भाग आणि कोरा भाग यांच्यामध्ये एक स्वच्छ गोल रेघ होती.

"सीडी खराब," मामा म्हणाले आणि दुसरी लावली. पट्टी तिथेच थबकली. ट्रे बाहेर.

वेग कमी केला. तिथेच. दुसऱ्या कंपनीचं पाकीट फोडलं. तिथेच. व्हायरसवाला प्रोग्राम बंद केला, कारण तो चालू कामात नाक खुपसतो. तिथेच. राइटर उघडून भिंग पुसावं म्हणून लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर शोधला, तो मिळाला नाही. तो गेले कित्येक दिवस मिळत नव्हता. शेवटी शिंप्याच्या कात्रीच्या टोकाने स्क्रू सोडवले, आणि शिंप्याने कात्री परत घेताना तिच्याकडे असं पाहिलं की जणू सून पळवून नेली होती.

भिंग पुसलं, फुंकर मारली, केबल बदलली. तिथेच. माळ्यावरचा जुना राइटर काढून जोडला. हा राइटर गेल्या सात जन्मांत रुसला नव्हता. त्यानेही तिथेच ट्रे बाहेर काढला.

मध्ये एक कारकून आला. त्याच पाकिटातली सीडी, तोच राइटर, कसलेतरी कागद. पहिल्या झटक्यात जळले. कारकून गेला. मामांनी परत आवाज लावला. तिथेच.

"कोणाला जाळतोयस रे एवढा?" शिंपी ओरडला.

"कोणाला नाही. उतरवतोय एकाला."

"मग उतरत का नाहीये?"

बाहेर ऊन रस्त्यावर आडवं पडलं होतं, भर दुपारची वेळ, जिन्यावर कोणी चढत नव्हतं की उतरत नव्हतं. वाया गेलेल्या चकत्या त्यांनी काउंटरवर एकीवर एक ठेवल्या. सगळ्यांच्या रेघा एकाच जागी होत्या. पट्टीने मोजाव्यात तशा.

आता पहिला नियम मोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मामांनी हेडफोन चढवला आणि ती रेघ जिथे पडते तिथून जरा मागे गेले.

पावलं ऐकू आली. सपाता. मग आवाज: "आता थांब. बैठकीची खोली. डाव्या हाताला भिंत धर. चार पावलं. ये. ये." पावलं. "इथे उजवीकडे हात कर. खुर्ची आहे."

मामांचा उजवा हात त्यांच्याच खुर्चीच्या हातावर होता.

"बसण्याआधी खुर्चीवर कोणी बसलंय का, ते आधी विचार."

आणि शांतता. नुसता आवाज बंद झाल्यासारखी नव्हती ती. कोणीतरी उत्तराची वाट पाहतंय तशी. श्वास होता तिच्यात. मामांनी कान ताणले. पट्टीवर पाहिलं, रेघ इथेच पडत होती. शांततेच्या बरोबर मध्यावर. मग एक बारीक खट्ट झालं, आणि राइटरला कोणी काही सांगितलेलं नसताना ट्रे हळूच बाहेर आला.

मामांनी हेडफोन काढला.

"चहा सांगू का?" शिंपी म्हणाला. "तोंड पांढरं पडलंय."

"सांग."

"भूतबित दिसलं काय?"

"भूत असतं तर बरं. ते निदान एकदा तरी जळतं."

विनोद स्वतःलाच हिणकस वाटला. मामांनी चहा घेतला आणि मग धंदेवाईक डोकं चालवलं. शांततेत गडबड आहे, तर शांतता कापायची. एक क्षण कापला, कोणाला कळणार? कापलं. सीडी लावली. निळी पट्टी भरभर सरकली आणि शेवटी टाळी वाजवावी तसा ट्रे बाहेर आला. काम फत्ते. चकती पाकिटात गेली, पाकिटावर नावही लिहून झालं.

पाकीट हातात घेऊन मामा बसून राहिले. ते गप्प असतात तेव्हा मी चालत असते.

डोक्यात एकच चित्र फिरायला लागलं. रविवारी मुलगा दारात उभा, बाई डबा लावून निघाल्या, चार पावलं, हात उजवीकडे, आणि जिथे थांबायला हवं तिथे आवाज थांबतच नाही. खुर्चीच्या पुढे निघून जातो. बाई धावतात त्याच्यामागे, कपाटाला धडकतात. मुलगा म्हणतो, चला आई, बॅग भरू. आणि हे कोणाच्या कात्रीने, तर बर्नरमामांच्या.

खात्री करायला म्हणून त्यांनी शटर अर्धं ओढलं, डोळे मिटले आणि हेडफोन लावून जिन्याखालच्या त्या दहा फुटांत आवाजामागे चालायला सुरुवात केली. कापलेली सीडी नव्हे, मूळ आवाज. भिंत धरली. पावलं टाकली. उजवीकडे हात केला. खुर्ची लागली.

खुर्ची गरम होती.

मामांनी हात झटकन मागे घेतला. मग आठवलं, आपणच तर उठलो आत्ता. तरीही डोळे उघडायला त्यांना थोडा वेळ लागला.

त्यानंतर त्यांनी ते काम केलं जे आधीच करायला हवं होतं: पुढचं सगळं, शेवटापर्यंत ऐकलं. खट्ट आवाजानंतर लिफ्टच्या दारासारखा तोच शांत आवाज पुढे निघाला. हो, लिफ्टच्या दारासारखा, कारण मध्येच तो म्हणाला, "तीस वर्षं लिफ्ट चालवली हॉस्पिटलात, बाई. लोकांना वर नेलं, खाली आणलं. तुला एका मजल्यावरच फिरवतोय, तर दमायला होतंय." स्वयंपाकघर आलं. डब्यांची उतरंड आली. "साखरेच्या डब्याला मी दोरा बांधलाय, मिठाच्याला नाही. चहात मीठ घातलंस तर मला नावं ठेवू नकोस." गॅसचा खटका आला. शेवटी टेबलाचे खण आले. पहिला, दुसरा, तिसरा.

"चौथ्या खणात एक स्क्रूड्रायव्हर आहे. लाल मुठीचा. तो आपला नाही. जिन्याखालच्या त्या सीडीवाल्याचा आहे. रेकॉर्डरचे सेल बदलायला आणला होता. द्यायचा राहिलाय."

मामा दचकले नाहीत. दचकायला माणूस मोकळा लागतो. ते आठवण्यात गुंतले होते. उंच, वाकलेला एक म्हातारा. हातात रेकॉर्डर. "सेल संपले मध्येच. झाकणाचा स्क्रू निघत नाही. अर्ध्या तासात आणून देतो." आणि मामा, जीभ सैल, म्हणाले होते, "मेलात तरी सोडणार नाही हं." म्हातारा हसला होता, दात न दाखवता. "मेलो तर मीही सोडणार नाही," म्हणाला होता आणि जिन्याची पायरी चुकवत निघून गेला होता.

म्हणजे गोष्ट साधी होती. खुर्चीपाशी पोचल्यावर सेल संपले. ते बदलून पुन्हा सुरू केलं तिथे, त्या खट्टपाशी, फाइल आतून मोडली. कॉम्प्युटर मोडलेल्या जागेवरून उडी मारून वाजवतो, पण जाळताना त्याला प्रत्येक कण लागतो, म्हणून तो अडतो. शिंप्यालासुद्धा पटेल असं स्पष्टीकरण. इलाजही साधा: आवाजाच्या प्रोग्राममधून तो सबंध नव्याने साठवायचा, शांततेसकट. मामांनी तो साठवला. सीडी लावली. बटण दाबलं.

निळी पट्टी सरकू लागली. स्पीकर चालू राहिला होता, आणि मामांना तो बंद करायला सुचलं नाही. इकडे जाळणं, तिकडे आवाज. "इथे उजवीकडे हात कर. खुर्ची आहे." पट्टी त्या जागेजवळ आली. "बसण्याआधी खुर्चीवर कोणी बसलंय का, ते आधी विचार."

शांतता आली. पट्टीचा वेग मंदावला. थबकली.

आणि बर्नरमामा, ज्यांनी आयुष्यभर एका वेळी एकच गोष्ट बदलली, ते उठून उभे राहिले.

"मी बसलोय. उठतो," ते म्हणाले. मोठ्याने. शटर अर्धं होतं, शिंप्याने ऐकलं.

खट्ट झालं. पट्टी पुढे सरकली. तशीच सरकत शेवटापर्यंत गेली. ट्रे बाहेर आला, चकती गरम होती, आणि तिच्यावर कुठेही रेघ नव्हती.

नव्याने साठवल्यामुळे जळली की खुर्ची रिकामी केल्यामुळे, हे आता कधीच कळणार नव्हतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. परत बसून करून पाहता आलं असतं. तेवढी एक सीडी मामांनी वाचवली.

"कोणाशी बोलत होतास रे?" शिंपी म्हणाला.

"गिऱ्हाइकाशी."

"दुकानात तर कोणी नाही."

"म्हणून तर उभा राहिलो," मामा म्हणाले, आणि पुढचं शिंप्याने विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत मामा उभेच होते हे मात्र त्याने बघून ठेवलं.

काकू सीडी घेऊन गेल्या आणि रविवार उलटला. सोमवारी काठीचा टकटक आवाज जिन्याजवळ आला आणि मामांनी तो येताना ओळखला.

"चहा जमला," काकू म्हणाल्या. "मुलगा दोन कप प्यायला. पहिल्यात साखर जास्त होती, पण साखरच होती. रात्रीच्या गाडीने गेला परत."

"म्हणजे राहिलात."

"राहिले." त्यांनी काउंटरची कड चाचपली. "कापलं नाहीत तुम्ही कुठे."

"नाही." मामांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं. "काकू, ते खुर्चीचं… कोणी बसलंय का विचार म्हणतात, ते काय?"

काकू पहिल्यांदाच हसल्या. "थट्टेखोर माणूस होता हो. नजर गेल्यावर मी बसायला जायची आणि हे आधीच बसलेले, श्वास रोखून, गप्प. मी थेट मांडीवर. दरवेळी फसायची. मग म्हणायचे, आधी विचारत जा. आता मी रोज विचारते."

"आणि?"

"अजून तरी खुर्ची काही बोलत नाही." त्या जाण्यासाठी वळल्या आणि थांबल्या. "आज मात्र लगेच बसले नाही. जरा गरम लागली हाताला. मुलगा बसला असेल."

"असेल की," मामा म्हणाले. मुलगा रात्रीच्या गाडीने गेला होता आणि आज दुपार होती, पण तो हिशेब त्यांनी जिभेवर येऊ दिला नाही. एवढी सुधारणा जिभेत झाली होती.

"तुमचा स्क्रूड्रायव्हर आमच्याकडे आहे. चौथ्या खणात. ऐकलंत ना? उद्या घेऊन येते."

लाल मुठीच्या स्क्रूड्रायव्हरवाचून त्यांचं खरंच अडत होतं. शिंप्याने कात्री कपाटात कुलूपबंद केली होती.

"नको काकू. त्यांनी तिथे आहे असं सांगितलंय ना?"

"सांगितलंय."

"मग तिथेच असू दे. काढला तर त्यांचं बोलणं खोटं पडेल. मग बाकीच्या खणांवरही तुमचा विश्वास राहायचा नाही."

काकूंनी चेहरा त्यांच्याकडे वळवला. काळ्या काचांत मामांना स्वतःची दोन छोटी दुकानं दिसली, दोन्हींत एकेक रिकामी खुर्ची.

"म्हणजे तुमचं देणं राहिलं त्यांच्याकडे," काकू म्हणाल्या.

"राहू दे. मी घाईत नाही."

"ते होते. अर्ध्या तासात देतो म्हणाले होते ना?" आणि काठी टकटकत निघाली.

मामांनी तिच्या मागे पाहिलं. मग खुर्चीकडे वळले, बसायला म्हणून हात टेकला, आणि रस्त्यापलीकडून शिंपी पाहत असतानाही, हळूच काहीतरी विचारून मगच बसले.